गडचिरोलीच्या लोखंडावरचा तो फॉरवर्ड आणि त्यातला एकेक मुद्दा

गेले काही दिवस नाशिकच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. कॉलनीच्या ग्रुपवर आला, कंपनीच्या ग्रुपवर आला, निफाडच्या मावसभावानेही पाठवला आणि खाली लिहिलं, "भाऊ, खरंय का हे?" मेसेजमधे थोडक्यात असं म्हटलंय की गडचिरोलीत लोखंड आहे हे २००७ ला एका कंपनीने शोधेपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं, तिथल्या आदिवासींना लोखंडाचा गंध नव्हता, ती विद्या इंग्रजांनी आणली, टाटांना कारखाना चंद्रपुरातच काढायचा होता पण लोकांनी त्यांना हाकललं, आजही विरोध करणारे सगळे नक्षलीच, खाण आली की गावाचं सोनं होतं, आणि शेवटी, नाशिकच्या डोंगरातही तेवढंच लोखंड आहे पण सरकार दाबून ठेवतंय म्हणून जमिनी विकू नका. खाली पुराव्याला कसारा घाटातल्या दरडीचा फोटो, मधोमध लाल पट्टा.

मी अंबडला फाउंड्रीत काम करतो, पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) आणि भंगार भट्टीत पडताना रोज बघतो, त्यामुळे लोखंडाबद्दल कोणी काहीही लिहिलं की मला गप्प बसवत नाही, आणि या मेसेजमधे तर ज्यांनी आधी लोखंड काढलं त्या माणसांनाच पुसून टाकलंय. मावसभावाला फोनवर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी २००७ चं बघू. त्या वर्षी एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरची लीज मिळाली. लीज मिळाली, शोध नाही लागला. गडचिरोली जिल्हा झालाच मुळी १९८२ ला, त्याआधी तो सगळा चांदा जिल्हा, आणि चांद्याचं लोखंड इंग्रजांच्या भूगर्भ खात्याच्या कागदांत १८७० च्या दशकातच आलेलं आहे. लोहारा, पिपळगाव ही नावं तेव्हापासून छापील आहेत. म्हणजे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं जी गोष्ट सरकारी रिपोर्टात होती ती "कोणालाच माहीत नव्हती" असं कसं म्हणता?

आता सगळ्यात चुकीचा मुद्दा, आदिवासींना लोखंड येत नव्हतं हा, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड म्हणून गाव आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटी पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच सापडली, हवा मारायच्या मातीच्या नळ्या आणि मळीसकट (मळी म्हणजे लोखंड गाळताना उरणारा दगडामातीचा वितळलेला भाग). काळ साधारण इसवीसनापूर्वी सातवं शतक. (देव सर म्हणजे तेच, ज्यांनी १९५०-५१ ला सांकलियांबरोबर आपल्या नाशिकच्या गढीवर गोदाकाठी खणलं होतं.) विदर्भातल्या माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांमधेही (दगडांच्या गोल रिंगणातल्या जुन्या दफनांमधे) लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या निघाल्यात. इंग्रज यायच्या दोन हजारांवर वर्षं आधी!

आणि ही विद्या सोपी होती असं समजू नका. शुद्ध लोखंड वितळतं १५३८ अंशाला. गावठी भट्टीत, लाकडी कोळसा आणि हाताचा किंवा पायाचा भाता, एवढ्यावर तितकी उष्णता होत नाही. मग ते करायचे काय, तर मातीच्या उभ्या भट्टीत एक थर कोळसा, एक थर फोडलेलं खनिज असं भरायचं आणि तासन् तास भाता मारायचा. खनिजातला ऑक्सिजन कोळशाचा वायू ओढून घेतो, दगडामातीचा भाग वितळून मळी होऊन खालून वाहून जातो, आणि लोखंड न वितळताच सच्छिद्र गोळ्याच्या रूपात तळाशी राहतं. तो गोळा लाल असतानाच बाहेर काढून घणाने कुटायचा, म्हणजे आत अडकलेली मळी निघून जाते. भाता कमी पडला तर गोळा होतच नाही, जास्त झाला तर कार्बन चढून लोखंड ठिसूळ होतं. आमच्याकडे उष्णता मोजायला पायरोमीटर आहे, धातूत काय किती आहे ते बघायला स्पेक्ट्रोमीटर आहे, तरी एखादी हीट, म्हणजे भट्टीचा एखादा घाणा, बिघडते. त्यांच्याकडे ज्वाळेचा रंग आणि मळी कशी वाहतेय ते बघायची नजर, एवढंच होतं. आज ज्या स्पंज आयर्नच्या प्लांटचे फोटो मेसेजमधे विकास म्हणून टाकलेत, त्या प्लांटमधेही लोखंड न वितळवताच खनिजातून सोडवतात. तत्त्व तेच आहे.

मध्य भारतातले अगरिया आदिवासी विसाव्या शतकापर्यंत हेच करत होते. आपल्या बाजूलाही महाबळेश्वरच्या जांभ्या दगडातून धावड लोक लोखंड गाळायचे. हे सगळं बंद का पडलं? लोक अडाणी होते म्हणून नाही. रेल्वेने विलायतेचं स्वस्त लोखंड आतल्या बाजारापर्यंत आणलं, १८७८ च्या जंगल कायद्यानंतर कोळशासाठी लाकूड तोडणं गुन्हा व्हायला लागला, कुठे कुठे तर भट्टीवरच कर बसवला. कोळसा नाही म्हणजे भट्टी नाही, इतकं साधं आहे ते. ज्यांनी विद्या मारली त्यांनाच विद्या आणल्याचं श्रेय द्यायचं, हे मला सहन होत नाही.

टाटांचा मुद्दा अर्धा खरा आहे. जमशेटजींची नागपूरला एम्प्रेस मिल होती, १८७७ पासून. १८८२ ला फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा रिपोर्ट त्यांच्या हाती पडला, आणि लोहाऱ्याला खनिज, वरोऱ्याला कोळसा (हो, आनंदवनवालं वरोरा, तेव्हा तिथे कोळशाची खाण होती), तर कारखाना इथेच काढावा असं त्यांच्या मनात आलं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण पुढे कोणी कोणाला हाकललं नाही. वरोऱ्याचा कोळसा तपासला आणि तो कामाचा निघाला नाही. झोतभट्टीला, म्हणजे ब्लास्ट फर्नेसला, हार्ड कोक (भाजून घट्ट केलेला कोळसा) लागतो, वरून खनिजाचा भार पडला तरी चुरा न होणारा, आणि प्रत्येक कोळशाचा असा कोक होत नाही, फाउंड्रीतल्या कोणालाही विचारा. शिवाय त्या वेळचे खाणीचे नियम इतके जाचक होते की कोणी पैसा घालायला धजावेना. ते नियम लॉर्ड कर्झनच्या काळात १८९९ ला सैल झाले तेव्हा टाटांनी परत हात घातला.

मग अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड आणि जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा चांद्यात फिरले, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असं एका जागी काही जुळेना. पुढे नागपूरला एका अधिकाऱ्याची वाट बघताना दोराबजी समोरच्या म्युझियममधे शिरले आणि तिथल्या भूगर्भ नकाशावर दुर्गजवळ लोखंडाची गडद खूण दिसली, तेच धल्ली-राजहरा. खनिज अप्रतिम, पण तिथेही जवळ कोक होईल असा कोळसा नाही. शेवटी प्रमथनाथ बोस या भूगर्भतज्ज्ञांचं २४ फेब्रुवारी १९०४ चं पत्र आलं, की मयूरभंज संस्थानात गोरुमहिसानीला लोखंड आहे. झरियाचा कोळसा तिथून जवळ, सुवर्णरेखा-खरकाईचं पाणी जवळ. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले, कंपनी १९०७ ला झाली आणि पोलाद निघालं १९१२ ला. चंद्रपूर हुकलं ते कोळशामुळे. तिथल्या लोकांच्या माथी ते मारणं अन्याय आहे.

विरोध म्हणजे नक्षल, यावर. माओवाद्यांनी तिथे हिंसा केली हे खरंच आहे, ते कोणी नाकारू नये. २०१३ ला कंपनीच्या अधिकाऱ्यांसह तिघांना मारलं, डिसेंबर २०१६ ला सत्तर-ऐंशी गाड्या जाळल्या. पण सुरजागडचा डोंगर हे माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचं ठिकाण आहे, दर जानेवारीत तिथे इलाक्यातल्या गावांची यात्रा भरते. त्या लोकांनी डोंगर खणायच्या आधी आम्हाला विचारा म्हणणं हा गुन्हा कसा काय? १९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा याच देशाच्या संसदेने केलाय ना? ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइटचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा २०१३ ला कोर्टाने ग्रामसभांनाच विचारायला लावलं, बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि ते मानलं गेलं. उद्या कोणी ब्रह्मगिरी फोडायला निघालं तर आपण त्र्यंबकच्या माणसाला नक्षली म्हणणार आहोत का?

खाण आली की गावाचं सोनं होतं म्हणे. काही लोकांना काम मिळतं, ट्रक चालतात, दुकानं चालतात, ते आहेच. पण धल्ली-राजहराचंच पुढे काय झालं ते बघा. स्वातंत्र्यानंतर ते लोखंड भिलाईला गेलं, पहिली भट्टी १९५९ ला पेटली, देशाचे रूळ त्यातून निघाले. आणि खनिज हाताने फोडून ट्रकमधे भरणारे ठेकेदारी मजूर? १९७७ ला त्यांना आपल्या हक्कासाठी कामगार नेते शंकर गुहा नियोगींबरोबर युनियन उभारावी लागली, त्याच वर्षी जूनमधे पोलीस गोळीबारात माणसं गेली. धड दवाखाना नव्हता तर मजुरांनी आपल्या वर्गणीने आणि आपल्या हातांनी १९८३ ला शहीद हॉस्पिटल उभं केलं. नियोगींचा १९९१ ला खून झाला. भारतातल्या सगळ्यात नावाजलेल्या खाणींपैकी एका खाणीच्या गावची ही गोष्ट आहे. गोव्यात बघा, २०१२ ला खाणी एकदम बंद झाल्या तेव्हा कर्जाने ट्रक घेतलेली घरंच्या घरं अडकली. आपल्या सिंधुदुर्गातलं रेडी तर मेसेजवाल्याला माहीतच नाही, तिथून कित्येक दशकं लोखंड जहाजाने बाहेर गेलंय. खाणीने गावाला काय मिळतं हे मजुरी किती, ठेका कोणाचा, रस्ता कोण दुरुस्त करतं आणि धूळ कोणाच्या भातावर बसते यावर ठरतं, नुसत्या खनिजावर नाही.

आता आपल्या नाशिकचं. आपल्याकडच्या काळ्या दगडात, बेसॉल्टमधे, लोखंड आहे, अगदी खरं. गोदावरीच्या वाळूत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं की काळे बारीक कण केसांसारखे उभे राहतात, ते त्याच दगडातून सुटलेलं मॅग्नेटाइट. पण बेसॉल्टमधे लोखंड आठ-दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तेही बहुतेक सिलिकेटमधे घट्ट बांधलेलं. खाणीतलं लोखंडाचं खनिज, हेमॅटाइट, शुद्ध असेल तर त्यात सत्तर टक्के लोखंड, चांगल्या खाणीत साठच्या वर मिळतं. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. गडचिरोलीकडचं खनिज कित्येक पटींनी जुनं, शेकडो कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी थराथराने साचलेलं. दोन्हीची जन्मकथाच वेगळी. फोटोतला लाल पट्टा म्हणजे लाव्हाचे दोन लोट येण्यामधल्या काळात वरचा थर हवापाण्याने कुजून झालेली भाजकी माती, सह्याद्रीच्या कितीतरी घाटांत दिसते. ती खाण नव्हे. पांडवलेणीला गेलात तर भिंतीवर छिन्नीचे घाव बोटाने चाचपून बघा, दोन हजार वर्षांपूर्वी हा दगड लोखंडानेच कोरला, पण त्या छिन्नीचं लोखंड या दगडातून निघालेलं नाही.

आणि एक, जे मावसभावाला फोनवर दोनदा बजावलं. लोखंड हे मोठ्या खनिजांत येतं, मुरूम-खडीसारखं तहसीलवर सुटत नाही, आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून त्याची लीज लिलावानेच जाते. तेव्हा हा मेसेज दाखवून कोणी तुमच्या जमिनीत खाण काढून देतो म्हणून टोकन मागत असेल, सर्व्हेच्या नावाने सातबारा आणि सह्या घेत असेल, तर एक रुपया देऊ नका आणि सही तर अजिबात करू नका.