प्रश्न बाणाचा आहे

‘निदान चाचणी (धड्याआधी मुलांच्या समजुतीतील चुका शोधणारी चाचणी) बहुपर्यायी प्रश्नांचीच असावी, म्हणजे तपासणी लवकर होते,’ हे एका लेखातील मत मला पटले नाही. इंदूरमध्ये नववीला भूगोल शिकवताना मी धड्याआधी कोरा नकाशा देऊन क्षिप्रा नदीच्या प्रवाहाचा बाण काढायला सांगते. क्षिप्रा चंबळेला मिळते हे पाठ असलेल्या एका मुलीनेही तो दक्षिणेकडे काढला आणि कारण विचारताच म्हणाली, ‘मॅडम, पाणी खालीच वाहतं ना?’ बहुपर्यायी प्रश्नात तिला पूर्ण गुण मिळाले असते (आणि मीही निर्धास्तपणे पुढे सरकले असते). माळव्याचे पठार उत्तरेकडे कलते, हे सांगण्यापूर्वी नकाशातील ‘खाली’ आणि जमिनीचा उतार यांची गल्लत सोडवणे आवश्यक होते, म्हणून नद्या बाजूला ठेवून मी आधी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या नकाशातील रेषा) शिकवल्या.