मज्जा हाय की गा तुझी

सुट्टीवर आलो की बेळगावजवळच्या आमच्या यळ्ळूरच्या वेशीपासून घरापर्यंत पोचायला मला पाऊण तास लागतो, कारण दर चौथ्या कट्ट्यावरनं कोणतरी हाक मारतंयच, "काय गा, शिपवरनं कधी आलास? मज्जा हाय की गा तुझी, फुकटात जग फिरायलास." मी पण आता "हो की" म्हणून सुटतो. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात रविवार म्हणून काही नसतो, केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, दिवस की रात्र ते घड्याळ बघून ठरवायचं, हे कट्ट्यावर सांगून कोणाला पटत नाही. कारण सगळ्यांनी माझा तो फोटो बघितलाय. कपाळावर मास्क, मागं निळंशार पाणी आणि मी दात काढून हसायलोय.

तर त्या फोटोचं काय झालं ते सांगतो.

मी क्रूझ शिपवर असिस्टंट वेटर. सहा महिने कॅरिबियन समुद्रावर राहून समुद्रात पायाचं बोट बुडवलं नव्हतं. शिपच्या पोटातनं एक लांबच लांब कॉरिडॉर जातो, त्याला सगळे अमेरिकेतल्या हायवेवरनं आय-नाइंटीफाईव्ह म्हणतात, सणाच्या आदल्या दिवशीचा खडेबाजार बघितला असेल तर तीच गर्दी, फक्त इथं भाजीच्या पाट्यांच्या जागी प्लेटांच्या ट्रॉल्या. माझं जग म्हणजे तो कॉरिडॉर. पोर्ट आलं की उतरावं म्हटलं तर आयपीएम आडवं येतं, म्हणजे शिप बंदरात असताना आग-बिग लागली तर विझवायला ठराविक क्रू शिपवरच राहायचा. माझी पाळी नेमकी कोझुमेलला यायची. शेवटी एका गोवेकराशी पाळी बदलून घेतली. बदल्यात काय दिलं? कुंदा! गेल्याच आठवड्यात जॉईन झालेल्या पोरानं बेळगावहून आणलेला अख्खा अर्धा किलो, मी त्यातला एक चमचा खाल्ला होता. आजपण आठवलं की पोटात कालवतं.

कोझुमेल हे मेक्सिकोचं बेट. दक्षिण बाजूचे प्रवाळ 1996 पासून नॅशनल पार्कमध्ये आहेत. ऑस्ट्रेलियाच्या त्या प्रसिद्ध ग्रेट बॅरियर रीफनंतर जगातली सगळ्यात लांब प्रवाळाची रांग इथनं जाते म्हणतात, आणि आमचा अर्धा क्रू उतरल्या-उतरल्या कुठं जातो तर जिथं वायफाय फुकट आहे तिथं. बेट बघितलेले कमी, पासवर्ड पाठ असलेले जास्त.

ब्रेकफास्ट ड्युटी संपवून साडेदहाला मी आणि माझा एक हुबळीचा मित्र बाहेर पडलो. (इकडं बेळगाव कोणाचं यावर काय चालायचं ते चालू दे, तिकडं तीस देशांच्या क्रूमध्ये हुबळीवाला भेटला की सख्खा भाऊ भेटल्यासारखं होतं.) बोटवाल्यानं माणशी किती डॉलर सांगितले ते मी लगेच रुपयांत गुणलं आणि तोंड कडू झालं. त्यात त्यानं माझ्या हातातली खोबरेल तेलाची बाटली बघून बोट हलवलं. रीफवर साधं सनस्क्रीन चालत नाही, तेलबिल तर नाहीच, प्रवाळाला त्रास होतो. चालणारं सनस्क्रीन त्याच्याकडं विकत होतं. परत गुणाकार केला आणि म्हटलं जुलैत चिखलात रोप लावलेली पाठ हाय ही, उन्हाला काय भीत नाही. जुलैत आमच्याकडं ऊन कुठं असतंय ते काय त्या वेळी आठवलं नाही.

पोहण्याचा मला माज होता. राजहंसगड दिसतो त्या विहिरीत काकांनी पाठीला डबा बांधून ढकललेला पोरगा मी. खरं विहिरीत शिकलेलं इथं सगळं उलटं पडतं. विहिरीत डोकं पाण्यात गेलं की श्वास धरायचा, इथं डोकं पाण्यात घालून तोंडानं निवांत श्वास घ्यायचा म्हणे. वीस वर्षांची सवय, मी नळी दातात धरून श्वासपण धरून ठेवला आणि चेहरा लाल व्हायला लागल्यावर वर आलो. पायात बदकासारखे फिन्स, ते घालून बोटीतनं सरळ चालता येत नाही, मागं मागं सरकावं लागतं, मी सरळ चाललो आणि एका गोऱ्या आजींच्या मांडीवर बसलो.

ते जमलं तर मास्कमध्ये पाणी. बाहेर काढायचं, काचेवर थुंकायचं (थुंकी चोळली की काच धुकटत नाही, हे खरंच आहे), परत घालायचं, परत नाकात खारं पाणी. बोटवाला माझ्या नाकाखाली बोट दाखवून म्हणाला, "बिगोते." स्पॅनिशमध्ये मिशी. माझी मिशी म्हणजे आमच्या घराण्याची, बाबांची आहे तशीच, दाट आणि टोकाला जरा वर. रबर कातडीला चिकटायच्या ऐवजी तिच्यावर बसायचं आणि केसांतनं पाणी आत. त्यानं व्हॅसलीन दिलं, फासलं, मिशी तुळतुळीत झाली, पाणी यायचं ते आलंच. आता उत्तरेकडं ओढणारा प्रवाह, बोट एका जागी सोडणार आणि पुढं जाऊन उचलणार, मधे थांबून मास्क रिकामा करत बसलो तर पैसे वाया. रुपयांतले पैसे. मी बोटवाल्याकडं रेझर मागितला. सापडला.

हुबळीवाला म्हणाला, "ब्याड ले." कन्नडमध्ये, नको रे. मला वाटलं दिसण्याबद्दल म्हणतोय.

दोन मिनिटांत मिशी साफ आणि मास्क असा चिकटला की काय सांगू. आणि मग खाली बघितलं. शप्पथ सांगतो, विहिरीत आम्ही खाली बघितलं की काळोख दिसायचा, इथं जांभळे पंखे हलायलेत, मेंदूसारखे गोल दगड, जे दगड नाहीतच, पिवळे-काळे पट्टेवाले मासे शाळा सुटल्यासारखे. एक निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, चक्क कुरुम कुरुम आवाज पाण्यात ऐकू येतो. तो ते खाऊन मागनं बारीक वाळू सोडतो, किनाऱ्यावरची पांढरी वाळू, ज्यावर लोक झोपून फोटो काढतात, त्यातली बरीचशी त्याच्या पोटातनं आलेली. माझ्या मनात आलं की रव्यात घोळून हा कसा लागेल. मग एक लांब चंदेरी बाराकुडा जागेवरच थांबून माझ्याकडं बघत राहिला, कागदात एक सही कमी असल्यावर काउंटरमागनं बघतात तसा. मी सही न करताच वळलो.

हुबळीवाल्याची ड्युटी लवकर, तो निघताना म्हणाला, "टाइम बघ रे." मी त्याला मोबाईल दाखवला. क्रूला चारला आत, मोबाईलवर अजून दीडसुद्धा नव्हता. मग मी पण वायफायवाल्या जागी जाऊन बसलो, बोटवाल्यानं काढलेला फोटो स्टेटसला टाकला, चित्र फिरत फिरत एकदाचं अपलोड झालं, तेव्हा मोबाईलवर दोन पन्नास.

आता हे बघा. 2014 ला सरकारनं आमच्या बेळगावचं बेळगावी केलं आणि 2015 ला तिकडं कोझुमेल ज्यात येतं त्या मेक्सिकोच्या राज्यानं आपलं घड्याळच बदललं, टुरिस्टांना संध्याकाळी ऊन जास्त मिळावं म्हणून. त्यामुळं तिकडच्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या वेळेवर चालणारी आमची शिप बेटाच्या एक तास पुढं. आमच्या शिनोळीला गेलं की मोबाईलवर महाराष्ट्रात स्वागत येतं, पेट्रोलचा दर बदलतो, खरं घड्याळ तेच राहतं, त्यामुळं ही भानगड डोक्यात बसत नाही. दोन पन्नास म्हणजे शिपचे तीन पन्नास. हे मला कळलं ते आमच्याच एका पोरीला चप्पल हातात घेऊन पळताना बघून.

चार बाराला गँगवेला पोचलो. कार्ड लावलं, डिंग झालं, स्क्रीनवर मिशीवाला मी. सिक्युरिटीवाल्यानं स्क्रीन बघितली, मला बघितलं, परत स्क्रीन. "धिस इज नॉट यू." मी तळहात नाकाखाली आडवा धरून दाखवला तेव्हा तो हसला, आणि हसत हसतच उशिराची नोंद केली. पाठ तोवर पेटली होती. संध्याकाळी खांद्यावर ट्रे घेताना शर्टाची शिवण बोचायची आणि मी दात दाबून विचारायचो, "स्टिल ऑर स्पार्कलिंग?"

रात्री साडेअकराला पालथा पडून नेट घेतलं तर घरचे सतरा मिस्ड कॉल. हातपाय गार पडले. लावला. तिकडं सकाळचे नऊ, पावसाचा आवाज, प्लॅस्टिकची खोळ पांघरून बाबा शेताच्या बांधावर, मिशी पूर्ण भिजलेली.

"काय गा," बाबा म्हणाले, "सकाळी सहापासनं गल्ली दारात जमलीया. तुझ्या आईला धीर द्यायला. दार मीच उघडलं."