म्हणे, इंजिनला एंडगेम कळत नाही!

हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांतून आला. एका ग्रुपवर तर ज्यांनी परवा पाठवला होता त्यांनीच काल ‘सर्व पालकांनी वाचावे’ अशी ओळ वर टाकून पुन्हा पाठवला. मजकूर थोडक्यात असा: बुद्धिबळाच्या इंजिनांना, म्हणजे चाली मोजणाऱ्या प्रोग्रामांना, एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) कळत नाही. त्याचे चार पुरावे आणि शेवटी सल्ला, की मुलांच्या फोनवरून इंजिन काढून टाका. मी कोथरूडमध्ये मुलांना शिकवतो. बॅच सुटली की कुणी ना कुणी ‘सर, खरंय का हो ते?’ म्हणून विचारतंच. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथे लिहितो.

‘एक उंट, एक कडेचं प्यादं. उघड ड्रॉ, तरी इंजिन म्हणतं पांढरा जिंकतोय.’

पांढऱ्याचं प्यादं एच पट्टीवर, उंट पांढऱ्या घरांवरचा, आणि काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात. ते घर काळं, त्यामुळे उंट तिथून राजाला हुसकावू शकत नाही. फार रेटलं तर स्टेलमेट, म्हणजे शह नसताना राजाला चालच उरत नाही आणि डाव ड्रॉ. इथवर मेसेज बरोबर. पण पटावर मोहरी किती? राजे धरून चार. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे निकाल टेबलबेसमध्ये, म्हणजे तयार उत्तरांच्या साठ्यात, केव्हाच काढून ठेवलेत, तेही पार शेवटपासून उलटं मोजत, अंदाजाने नाही. सात मोहऱ्यांचं काम लोमोनोसोव्ह टेबलांनी २०१२ मध्येच केलं. फोनमधल्या ॲपात एवढा पसारा मावत नाही, म्हणून ते अंदाज सांगतं. नेटवर लीचेस ही बुद्धिबळाची साइट उघडून तीच स्थिती मांडा, ड्रॉ असंच उत्तर येईल.

‘इंजिनला झुगझ्वांग कळत नाही.’

झुगझ्वांग म्हणजे चाल करावीच लागते, आणि त्यानेच नुकसान होतं. हा मुद्दा मात्र जुन्या पुस्तकातून उचललेला दिसतो, आणि त्यात तथ्य होतं. इंजिन वेळ वाचवायला एक युक्ती करतं: ‘समजा मी ही चाल सोडूनच दिली, तरी माझं बरं चाललंय का? मग ही फांदी खोदायची गरज नाही.’ मधल्या खेळात हे बहुतेक वेळा चालतं, कारण तिथे चाल मिळणं हा फायदाच असतो. आता पटावर एवढंच मांडा: पांढरा राजा डी५ वर, प्यादं ई४ वर, काळा राजा एफ४ वर, प्यादं ई५ वर. दोन्ही राजे दोन्ही प्याद्यांना चिकटून उभे. ज्याची चाल त्याला राजा हलवावाच लागतो, प्यादं जातं आणि डाव हरतो. चाल सोडता आली असती तर कुणीच हरलं नसतं! इथे ती युक्ती सपशेल फसते. म्हणूनच स्टॉकफिशसारखी इंजिनं राजा आणि प्यादीच उरली की ती वापरत नाहीत. क्वचित जास्त मोहऱ्यांच्या झुगझ्वांगमध्ये अजूनही गफलत होते, पण ‘कळत नाही’ म्हणणं म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं भांडण आज उकरून काढणं झालं.

‘पेनरोझ यांच्या कोड्यापुढे सगळे कॉम्प्युटर हरले.’

२०१७ मध्ये गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांच्या नावाच्या संस्थेने ते कोडं लोकांपुढे ठेवलं. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. वजीर आणि हत्ती स्वतःच्याच प्याद्यांत अडकलेले, आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. पांढरा राजा पांढऱ्या घरांवरून फिरत राहिला की ड्रॉ. प्याद्याचा वजीर न करता दोनदा हट्टाने उंट केल्याशिवाय अशी स्थिती येणार नाही, ते सोडा. मुद्दा खरा आहे. याला तटबंदी म्हणतात, आणि इथे इंजिन आजही फसतं. पन्नास चालींच्या नियमाने (तेवढ्यात काही मारलं गेलं नाही की प्यादं हललं नाही तर) होणारा ड्रॉ म्हणजे दोघांच्या मिळून शंभर चाली. तेवढं लांब ते बघत नाही, आणि तोवर कोण किती पुढे हे दाखवणारा त्याचा आकडा फुगलेलाच राहतो.

मागच्या महिन्यात एका स्पर्धेत, हॉलबाहेरच्या पायरीवर, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील फोन नाचवत आले. ‘अहो सर, हा जिंकलेला डाव होता की! दोनच्या वर दाखवतंय.’ मुलाचा उंट पांढऱ्या घरांवरचा, समोरच्याचा काळ्या, मुलाची दोन प्यादी जास्त, आणि समोरचा राजा त्यांच्या वाटेत ठाण मांडून. मी म्हटलं, इंजिन सुचवतं त्याच चाली करत जा, दोन्ही बाजूंच्या. वीस चाली झाल्या तरी आकडा होता तिथेच. जिंकणारी बाजू पुढे सरकत असेल तर आकडा चढतो; नुसता बसून राहिला की समजायचं, वाट बंद आहे. मुलाला हे पटावरच कळलं होतं. ‘मी केव्हाचं सांगतोय बाबांना,’ तो म्हणाला.

‘गुकेश–डिंगच्या शेवटच्या डावात इंजिन ड्रॉ म्हणत होतं, जिंकला गुकेश. म्हणजे इंजिन चुकलं.’

नाही हो. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण स्थिती बरोबरीची, आणि इंजिन तेच सांगत होतं. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर नेला. गुकेशने हत्ती मारून घेतले, मग उंट डी५ वर ठेवला. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात, त्यालाही मारामारी टाळता येईना. उरली राजा-प्याद्यांची हरलेली एंडगेम, आणि अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. इंजिनचा ड्रॉ म्हणजे ‘दोघं नीट खेळले तर’. चार तास बसलेल्या माणसाचा हात कुठे घसरेल, हे ते सांगत नव्हतंच.

आकड्याचीही एक गंमत. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून +१ म्हणजे एक प्यादं जास्त, असा अर्थ राहिलेला नाही. इंजिन स्वतःशीच खेळलं तर तिथून जिंकण्याची शक्यता निम्मी, असा तो आहे.

आता सल्ला. इंजिन काढून टाकू नका. मी वर्गात ती डी५–एफ४ ची स्थिती मांडतो, फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो आणि चाल कुणाची ते सांगत नाही. दहा मिनिटं पोरं भांडतात. मग फोन उघडतो.