आई, इम्युनिटी वाढवू नकोस

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोबायोलॉजी असते आणि मायक्रोबायोलॉजी म्हणजे जंतू, असा माझा साधा हिशेब होता. जंतू असतात, पण पुस्तकात बरेच पुढे. त्यांच्या आधी इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र, येते आणि निम्मी बॅच तिथेच बसकण मारते. सिनिअर्स सांगतात, “इम्युनो शेवटी कर गं, आत्ता केलंस तर विसरशील.” शेवट आला की तेच सिनिअर्स डोळे मोठे करून विचारतात, “अजून इम्युनो केलं नाहीस?”

या विषयात कुणाला धड नाव नाही, सगळ्यांना नंबर. पेशींवरच्या खुणा म्हणजे सीडी थ्री, सीडी फोर, सीडी एट, पेशींचे आपसातले निरोप म्हणजे इंटरल्युकिन वनपासून पुढे चाळिशीपर्यंत. त्यातल्या त्यात कॉम्प्लिमेंट तरी सोपं जाईल असं वाटलं होतं, कारण जंतू मारायला मदत करणारी रक्तातली ही प्रथिनं एक ते नऊ अशी आहेत आणि नऊपर्यंत मला मोजता येतं. ती एकामागून एक कशी कामाला लागतात ते सांगणारा क्लासिकल पाथवे उघडला. आधी सी वन. मग सी फोर. मग सी टू. मग सी थ्री! पाचापासून नवापर्यंत मात्र सगळे शहाण्यासारखे ओळीने येतात. याचं कारण असं की नंबर शास्त्रज्ञांना सापडण्याच्या क्रमाने दिले गेले आणि फोरचं काम टूच्या आधी असतं हे नंतर कळलं. तोवर नोंद होऊन गेली होती, आणि सातबाऱ्यावर एकदा नाव चढलं की ते उतरवणं किती अवघड असतं हे आपल्याकडे सांगायला नको.

दिलासा म्हणावा तर एकच. एमएचसी, म्हणजे जंतूंचे तुकडे टी सेलना दाखवणारी पेशीवरची प्रथिनं, त्यांतला क्लास वन सीडी एटशी बोलतो, क्लास टू सीडी फोरशी. आठ एके आठ, बे चोक आठ. प्राथमिक शाळेत छड्या खाऊन पाठ केलेल्या पाढ्यांचा वैद्यकीय शिक्षणात मला झालेला उपयोग इथे सुरू होतो आणि इथेच संपतो.

मला या सगळ्यात जवळचा वाटला तो अमेरिकेतल्या ओहायोमधला एक विद्यार्थी. वर्गाला अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रथिनं, कशा तयार होतात हे दाखवायचं म्हणून त्याने ब्रूस ग्लिक नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडून कोंबड्या मागून आणल्या. ग्लिकने आपल्या संशोधनासाठी त्यांच्या शेपटीजवळची ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ नावाची पिशवी आधीच काढून टाकली होती. कोंबड्यांना साल्मोनेलाचं इंजेक्शन दिलं. काही मेल्या, उरलेल्यांमध्ये अँटिबॉडीचा पत्ता नाही. प्रॅक्टिकल साफ फसलं. आमच्याकडे अशा वेळी जर्नलवर लाल शाईत ‘रिपीट’ येतं. त्या दोघांना मात्र प्रश्न पडला, की अँटिबॉडी बर्साच तर बनवत नसेल? मोठ्या नियतकालिकाने लेख परत पाठवला, तेव्हा १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी सेलमधला ‘बी’ तो हाच. माणसाला बर्सा नसतो, त्याचं काम आपल्यात हाडांतला मगज करतो. पण रात्री दोन वाजता मेसमधल्या चिकन रश्शाकडे पाहताना मला अजूनही आदर दाटून येतो.

या असल्या काळात आईचा फोन येतो.

“अगं, जागरणं चाललीत ना? तुझी इम्युनिटी अगदी उतरली असणार. रात्रीच्या गाडीने डबा पाठवलाय.”

डबा म्हणजे खोका. त्यात च्यवनप्राश, मोरावळा, गुळवेलीचं चूर्ण, सुंठ-मिरी-दालचिनीची काढ्याची पूड, आणि मावशीने शेजारणीकडून घेतलेली एक बाटली, जिच्यावर लॅटिन नावं नाहीत पण ढाल घेतलेला माणूस आहे. आईचं म्हणणं असं, की इम्युनिटी म्हणजे भांड्यातलं पाणी. कमी झालं की ओतायचं, काठोकाठ भरलं की माणूस निरोगी.

आता मी पडले सिलॅबस वाचणारी. इम्युनिटी कमी पडल्याची प्रकरणं आहेत, नाही असं नाही. पण ती जास्त झाल्याची, भलत्यावर उठल्याची, साध्या धुळीला शत्रू समजल्याची, आणि शत्रू मिळेना म्हणून स्वतःच्याच किडनीवर चालून गेल्याची जी पानं आहेत, ती मोजायला गेलं तर जीव दडपतो. दमा, संधिवात, ल्युपस, मायस्थेनिया, हे सगळे इम्युनिटी अंगात संचारलेले लोक. हे वाचून झाल्यावर ‘इम्युनिटी वाढवा’ असं बाटलीवर लिहिलेलं दिसलं की मला ती धमकी वाटते.

जेल आणि कूम्ब्स या दोघा शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये या आगाऊपणाचे चार प्रकार पाडले. परीक्षेत प्रत्येकाचं उदाहरण लागतं. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात चारही मिळतात, बाहेर जावं लागत नाही.

टाइप वन बाबांकडे. जन्म कोकणातला आणि कोळंबी चालत नाही, याहून मोठं दुःख मी तरी पाहिलेलं नाही. खाल्ली की दहा मिनिटांत अंगावर गांधी, ओठ टम्म. आई दर वेळी म्हणते, “आज नीट शिजवलीय हो, काही होणार नाही.” आई, कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन शिजवून मरत नाही. आज्जी म्हणते पित्त उठलं, आणि आमसुलाचं पाणी चोळते. बाबा आमसुलाच्या वासात बसून सोलकढीवर समाधान मानतात. त्यांना मी क्युस्टनरची गोष्ट सांगितली. त्या जर्मन डॉक्टरला मासे चालत नसत. १९२१ मध्ये त्याचं सीरम, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी, प्राउसनित्स नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि गांधी उठली की! ॲलर्जी रक्तातून उसनी देता येते हे सिद्ध झालं. त्या सीरममध्ये होतं तरी काय, हे कळायला १९६६ उजाडलं. इशिझाका या जपानी नवरा-बायकोने आयजीई ही अँटिबॉडी शोधली. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग उलटं करता येतं का? कुणाची तरी न होणारी ॲलर्जी मला टोचता येईल?” इतका चांगला प्रश्न आमच्या वर्गात वर्षभरात कुणी विचारलेला नाही.

टाइप टूच्या आधी टाइप थ्री घेते. क्रम चुकला म्हणाल तर कॉम्प्लिमेंटनेही पाळलेला नाही. काकांना कातळावर फुरसं चावलं. सरकारी दवाखान्यात प्रतिसर्पविष मिळालं, जीव वाचला, गावाने नारळ फोडले. दहाएक दिवसांनी काकांना ताप, सांधे धरलेले, अंगावर पुरळ. वाडीतल्या जाणत्यांनी निदान केलं की विष राहिलंय, उतरवायला हवं. विष गेलं होतं. राहिला होता घोडा. प्रतिसर्पविष घोड्याच्या रक्तापासून करतात, आणि काकांच्या इम्युनिटीने ती परकी प्रथिनं ओळखून त्यांच्याशी अँटिबॉडीची मोट बांधली आणि ती सांध्यासांध्यांत नेऊन टाकली. सीरम सिकनेस. फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ मध्येच लिहून ठेवलंय. काका आता सापापेक्षा घोड्याला घाबरतात.

टाइप टू मात्र आमच्या दोघींचा, माझा आणि आईचा. आईचा रक्तगट निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. माझ्या जन्माच्या वेळी माझं थोडं रक्त तिच्या रक्तात मिसळणार हे ठरलेलं, आणि तिची इम्युनिटी ते परकं म्हणून लक्षात ठेवण्याची भीती. पहिल्या बाळाला सहसा धक्का लागत नाही. पण मग पुढच्या वेळी तिच्या आयजीजी अँटिबॉडी वारेतून थेट पोटातल्या बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. अँटिबॉडींपैकी ही वाट फक्त आयजीजीला मोकळी आहे, आयजीएमला नाही. यावर हमखास दोन मार्क असतात. बाळाच्या पेशींवर अशा अँटिबॉडी चिकटल्यात का, हे पाहायची १९४५ ची टेस्ट याच कूम्ब्सची. हे सगळं होऊ नये म्हणून प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. म्हणजे आईच्या इम्युनिटीला जाग यायच्या आत माझ्या पेशी गुपचूप गायब करतात.

मी फोनवर म्हटलं, “आई, धाकट्याच्या वेळी तुला काही त्रास झाला नाही, कारण माझ्या वेळी डॉक्टरांनी तुझी इम्युनिटी वाढू दिली नव्हती.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, “म्हणजे मला तेव्हा इम्युनिटी कमी करायचं औषध दिलं?”

“त्या एका गोष्टीपुरतं, हो.”

“तरीच मला तेव्हापासून सारखी सर्दी होते.”

इथे मी पुस्तक मिटलं.

या विषयाचा आणखी एक गुण म्हणजे तो वाचणाऱ्याला होतो. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये दिवस चढेल तशा पापण्या जड होतात आणि संध्याकाळी मिटायला लागतात, असं वाचून मी मान वर केली, तर अख्ख्या लायब्ररीला मायस्थेनिया. ल्युपसचा पुरळ दोन्ही गालांवर आणि नाकाच्या पुलावर येतो, नाकाच्या कडेच्या घड्या सोडतो, आणि दहा पेशंटमध्ये नऊ बायका. माझी रूममेट त्या रात्री आरशासमोर टॉर्च घेऊन घड्या तपासत होती. गाल लाल होतेच, दुपारी ओपीडीपासून हॉस्टेलपर्यंत उन्हातून चालत आली होती. शोग्रेन सिंड्रोममध्ये तोंडाला इतकी कोरड पडते की कोरडं बिस्किट पाण्याशिवाय गिळवत नाही. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही पार्लेजी देऊन पाहा.

आईची बाजूही एकदा मांडायला हवी. इम्युनिटी खरोखर ओतावी लागते अशी मुलं असतात. ब्रूटन नावाच्या डॉक्टरने १९५२ मध्ये सांगितलेला आजार घ्या. मुलगा सहा महिन्यांचा होईपर्यंत ठणठणीत असतो, कारण आईकडून आलेली आयजीजी पुरते. ती संपली की न्यूमोनिया, कान, सायनस, पुन्हा न्यूमोनिया. बी सेल पिकतच नाहीत. त्याला आयुष्यभर ठरावीक दिवसांनी हजारो रक्तदात्यांकडून गोळा केलेली इम्युनोग्लोब्युलिन द्यावी लागते, आणि तिची किंमत ऐकून नातेवाईक खुर्चीत बसतात. बाकी सगळ्यांसाठी इम्युनिटी वाढवायचा खात्रीचा मार्ग लस. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस करून हाफकिनने पहिली स्वतःला टोचून घेतली. त्याने मोरावळा पाठवला नाही. हे मी आईला सांगितलं नाही, कारण मोरावळा संपत आला होता.

व्हायवाला एक्स्टर्नल मॅडम होत्या. माझ्या आधीच्या मुलाला त्यांनी विचारलं, “पेनिसिलिन दिलं, दोन मिनिटांत पेशंट घामाघूम, श्वास लागलाय, बीपी लागत नाही. काय देशील?” तो म्हणाला, “सिटिरिझिन.” मॅडम म्हणाल्या, “बाराव्याला?”

तीच केस माझ्याकडे सरकवली. मी एका दमात म्हटलं, “ॲड्रिनॅलिन, एकास हजार, अर्धा एमएल, स्नायूत, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, आणि आधी ते, बाकी सगळं नंतर.” मॅडमनी मान हलवली आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

“बोटांची सालं का गेलीत?”

“मॅडम, पीएलला, अभ्यासाच्या सुट्टीत, घरी गेले होते. ओले काजू सोलले.”

“राख लावून नाही बसायचं?” त्या पुढे सरकल्या. “बरं, सांग. कोणता टाइप?”

“पहिल्या दिवशी चिकाने भाजलं ते नुसतं भाजणं, मॅडम. तिसऱ्या दिवशी खाज सुटून फोड आले तो टाइप फोर.”

“अँटिबॉडी कोणती?”

हा सापळा मला माहीत होता. “एकही नाही. टी सेल. म्हणून तर उशीर.”

“याच गटातली टेस्ट?”

“मॅन्टू, टीबीची. ४८ ते ७२ तासांनी वाचायची, कडकपणा मोजायचा, लाली नाही.”

“आंब्याच्या चिकाने ओठाला होतं ते?”

“तेच, मॅडम. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले.”

“बोटांना काय लावलंस?”

“आज्जीने खोबरेल लावलं.”

शेजारचे इंटर्नल सर खोकले. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“खोबरेल मीही लावते,” त्या म्हणाल्या, “पण इथे टॉपिकल स्टेरॉइड म्हणायचं. जा, पुढच्याला पाठव.”