खिचडी सरकारं आणि कोकण रेल्वे

वाडीवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: प्रमाणशीर प्रतिनिधित्व (म्हणजे पक्षाला जेवढी मतं, त्या प्रमाणात जागा) आणलं की कायमची खिचडी सरकारं, ती कामं करत नाहीत नि लवकर पडतात, बाबासाहेबांनीही ही पद्धत नाकारली होती, शिवाय आपला हक्काचा आमदार जाईल.

कामाचं आधी घेऊ. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० साली स्थापन झालं, तेव्हा दिल्लीत व्ही. पी. सिंगांचं टेकूवरचं सरकार होतं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री. ते सरकार वर्षभरही टिकलं नाही. पुढे चंद्रशेखर, नरसिंह राव, काही दिवस वाजपेयी, देवेगौडा, गुजराल. डोंगर पोखरत, खाड्या ओलांडत जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला. उलट मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, आणि २०१४ नंतर दहा वर्षं केंद्रात एकाच पक्षाचं बहुमत होतं. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला विचारा रस्ता कसा आहे. बहुमतामुळे रस्ता रखडला असं मी म्हणत नाही. भूसंपादन, ठेकेदार, कारणं बरीच आहेत. पण मग खिचडीवरही खापर फोडू नका.

आणि खिचडी आत्ता नाही का? महाराष्ट्रात १९९० पासून एकाही पक्षाला स्वबळावर बहुमताचे १४५ आमदार गाठता आलेले नाहीत. फाटाफुटीचं म्हणाल तर बांद्याच्या पलीकडे बघा. गोव्यात २०१९ साली काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ साली ११ पैकी ८. पक्षांतरबंदीतून सुटायला दोन तृतीयांश लागतात. १५ चे दोन तृतीयांश म्हणजे नेमके १०! हे सगळं आपल्या आजच्या ‘बऱ्या’ पद्धतीतच, जिथे भागात सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो.

बाबासाहेबांचं खरं, पण अर्धं. लोकसभेसाठी त्यांनी ही पद्धत नको म्हटलं. साक्षरता कमी आहे नि सरकार स्थिर हवं, ही कारणं दिली. त्याच संविधानात राष्ट्रपती आणि राज्यसभेची निवडणूक मात्र प्रमाणशीर पद्धतीनेच ठेवली आहे.

राहिला आमदार. हा मुद्दा वजनाचा आहे. खाडीचं तोंड गाळानं भरलं, होड्या अडकल्या, तर मच्छीमारांनी कुणाला गाठायचं? जर्मनीत, आणि १९९६ पासून न्यूझीलंडमध्ये, मतदार दोन मतं देतो: एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. आपल्या विधी आयोगानेही १९९९ साली काही जागा पक्षांच्या याद्यांतून, म्हणजे पक्षानं क्रमानं दिलेल्या उमेदवारांतून, भरायची शिफारस केली होती. म्हणजे आमदार राहतोच. मला खरी भीती याद्यांची वाटते. आज तिकीट मुंबई-दिल्लीत ठरतं, उद्या यादीतला क्रमही तिथेच ठरेल. त्या मजकुरात याबद्दल एक ओळ नाही.