‘पोराला कळणारही नाही’ : बचत गटांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा संध्याकाळी ताई दुकानात आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिचं सासर तिथून बारा किलोमीटर. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला. “बापू, हे पाय बरं. सांगतलं तसं सगळं केलं, पण हे अलाऊ होऊनच नाही राह्यलं.”

स्क्रीनवर ‘प्रतिबंधित सेटिंग’ अशी पाटी होती. म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आणलेल्या एका अ‍ॅपला ती अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायला निघाली होती आणि अँड्रॉइड देऊ देत नव्हतं. अ‍ॅप आलं कुठून, तर बचत गटाच्या ग्रुपवरून. तो मेसेज आमच्या भागातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरून झालाय. त्यातलं म्हणणं असं: मुलांच्या मोबाइलला गूगलचं फॅमिली लिंक (आईवडिलांना मुलाच्या फोनवर मर्यादा घालू देणारं अ‍ॅप) लावू नका, ते घरातलं बोलणं ऐकतं, खेड्यात ते चालत नाही कारण नेट गेलं की लॉक सुटतो, पोरं ते दोन मिनिटांत काढतात, मुलीकडे मोबाइल असेल तर आधी काढून घ्या, मुलांचं काही बिघडत नाही, आणि पाचवं, खालच्या लिंकवरचं अ‍ॅप टाका, मुलाचं सगळं व्हॉट्सअ‍ॅप तुम्हाला दिसेल आणि पोराला कळणारही नाही. खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

माझ्या ताईपर्यंत पोचला. म्हणून हे लिहितोय, आणि पाचव्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे चार त्याच्यासाठीच लिहिलेले आहेत.

मेसेजमध्ये पायऱ्या दिल्या आहेत. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप तपासणारी गूगलची सोय, बंद करा. अनोळखी अ‍ॅपला परवानगी द्या. धोक्याची सूचना आली तर ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबा. मग अ‍ॅपच्या माहितीत जाऊन वरच्या तीन टिंबांवर दाबा आणि बंधन काढा. मग अ‍ॅक्सेसिबिलिटी द्या, एसएमएस वाचायची परवानगी द्या. एकेक पायरी नीट पाहा. फोनमध्ये चोराला अडवणाऱ्या जेवढ्या गोष्टी आहेत, तेवढ्या ओळीने बंद करायला सांगितल्या आहेत. रानडुकरांसाठी शेताभोवती लावलेल्या झटका मशीनची वायर आपणच सोडून ठेवायची आणि पीक वाचेल म्हणायचं, असा हा प्रकार.

अ‍ॅक्सेसिबिलिटी ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांना हाताने फोन चालवता येत नाही त्यांच्यासाठी आहे. ती मिळालेल्या अ‍ॅपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबता येतात. त्यात एसएमएसही दिले की ओटीपी गेला. म्हणजे मुलावर नजर ठेवायच्या नावाखाली आईचं बँक खातं उघडं करून द्यायचं. आणि हे चाललं होतं कुणाच्या फोनवर? ताईच्या घरी पोराला वेगळा मोबाइलच नाही. आहे तो ताईचा. त्याच नंबरला तिचं खातं जोडलेलं, त्याच खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार, त्यातच सोयाबीनचे पैसे. मी विचारलं, हे तुझ्याच फोनवर टाकून पोराचं काय दिसणार होतं? ती गप्प झाली, मग म्हणाली, “मले काय मालूम. पोट्ट्याच्या भल्यासाठीच करून राह्यली होती ना मी.” राग ताईचा नाही. तिच्या काळजीवर हात ठेवून तिला लुटायला निघालेल्यांचा आहे.

त्या अ‍ॅपवर ना कंपनीचं नाव, ना पत्ता. ते प्ले स्टोअरवर का नाही, याचं उत्तर मेसेजच्याच शेवटच्या शब्दांत आहे. लपून पाळत ठेवणारं अ‍ॅप प्ले स्टोअरवर ठेवता येत नाही, असा गूगलचा नियम आहे. आईवडिलांसाठीचं अ‍ॅप असलं तरी फोन वापरणाऱ्याला त्याची सूचना सतत दिसलीच पाहिजे. ‘कळणारही नाही’ हाच ज्याचा गुण सांगितला जातो ते तिथे चालणारच नाही.

आणि समजा ते अ‍ॅप प्रामाणिक असतं, तरी मी ते भाच्यावर लावू दिलं नसतं. तो सातवीत आहे. उद्या कोणी अनोळखी माणसाने त्याला घाणेरडं काही पाठवलं, धमकावलं, तर त्याने धावत आईकडे यायला हवं. आई आपल्या मागे चोरून वाचत होती हे ज्या पोराला एकदा समजलं, ते पुढच्या वेळी आईपासून आधी लपवतं. फॅमिली लिंकमध्ये मुलाला दिसतं की आपल्या फोनवर कुणाचं लक्ष आहे आणि कशावर आहे.

आता उरलेले मुद्दे. बोलणं ऐकतं म्हणे. फॅमिली लिंकमधून आईवडिलांना मुलाचा फोन कॉल ऐकता येत नाही, मेसेज वाचता येत नाहीत, त्याची स्क्रीनही पाहता येत नाही. कुठलं अ‍ॅप किती वेळ वापरलं ते दिसतं, रोजची मर्यादा आणि झोपायची वेळ ठरवता येते, नवं अ‍ॅप टाकायचं असेल तर विचारणा पालकाच्या फोनवर येते, लोकेशन चालू ठेवलं तर मूल कुठे आहे ते समजतं. पैसे लागत नाहीत. गूगलला आपली माहिती जाते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ती जीमेल टाकून फोन सुरू केला त्या दिवसापासून जातेय.

नेट गेलं की लॉक सुटतो, हे खोटं. लावलेली मर्यादा फोनमध्येच राहते. नेटशिवाय पोचत नाही तो नवा बदल. ताईच्या गावात स्लॅबवर चढल्याशिवाय रेंज येत नाही, तरी रात्री नऊला बंद होणारा फोन नऊलाच बंद होईल.

मुलींबद्दलच्या ओळीने डोकं फिरलं. ‘असर’ हा प्रथम संस्थेचा सर्वेक्षण अहवाल सहसा खेड्यातल्या घरोघरी जाऊन केलेला असतो. २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये १९.८ टक्क्यांकडे. काढून घ्यायला मुलींकडे आहेतच किती? २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. आणि सोशल मीडिया वापरणाऱ्यांत एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे माहीत असलेले ६२ टक्केच. म्हणजे शंभरातल्या अडतीस पोरांना त्रास देणाऱ्याला अडवताच येत नाही. ते मुलालाही शिकवायचं आणि मुलीलाही. तिच्या हातातून फोन काढून घेतल्याने ते शिकवणं होत नाही.

राहिला तिसरा मुद्दा, पोरं काढून टाकतात. हा अर्धा खरा आहे आणि मला तो मान्य करावा लागतो. मी ताईशी बोलत असताना भाचा स्टुलावर बसून ऐकत होता. म्हणाला, “मामा, आईचा पॅटर्न त मले पयलेच माहीत हाय.” आणि हवेत बोटाने एल काढून दाखवला. आईवडिलांचाच पिन पोराला पाठ असेल तर कुठलंही कंट्रोल टिकत नाही. आणखी एक गोष्ट मान्य करतो. फॅमिली लिंक हे मुलाचा फोन वेगळा आहे असं धरून बनवलेलं आहे. आमच्याकडे बहुतेक घरी तोच एक फोन वावरात जातो आणि संध्याकाळी पोराच्या हातात येतो.

अशा घरासाठी जे करता येतं ते मी ताईच्या फोनवर तिथेच केलं. अर्धवट टाकलेलं अ‍ॅप काढलं, प्ले प्रोटेक्ट पुन्हा चालू केलं. पॅटर्न काढून सहा आकड्यांचा पिन ठेवला, भाच्याला बाहेर चहा सांगायला पाठवून. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये कुटुंब, त्यात पालक नियंत्रण. तिथे वेगळा पिन आणि १२ वर्षांपर्यंतची पातळी. आधीपासून फोनमध्ये असलेल्या गेमला हे हात लावत नाही, म्हणून ते दोन गेम हाताने काढले. खरेदीला दरवेळी पासवर्ड मागेल असं केलं. आणि सुरक्षेच्या सेटिंगमधलं अ‍ॅप पिन करणं, म्हणजे फोन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवणं, चालू केलं. अभ्यासाचा व्हिडिओ लावून पिन केला की पिन नंबर टाकल्याशिवाय पोराला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाता येत नाही. कंपनीनुसार याचं नाव आणि जागा थोडी बदलते, पण बहुतेक फोनमध्ये ते असतं. वीस मिनिटं लागली. भाच्याला काय लावलं आणि का लावलं ते समोर बसवून सांगितलं. गेम गेल्याचं तोंड त्याने केलं, पण ऐकून घेतलं.

ताई म्हणते, गटातल्या दोघींनी ते अ‍ॅप पूर्ण टाकलं आहे. त्यांनी आणि ज्यांनी ज्यांनी टाकलं त्यांनी आत्ता एवढं करावं: आधी नेट बंद करा. अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन (अ‍ॅपला फोनवर ताबा देणारी सेटिंग) यांतून त्याचा हक्क काढा, मगच ते निघेल. निघत नसेल तर फोन बंद करून जवळच्या दुकानात न्या. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, यूपीआय पिन बदला. पैसे गेले असतील तर क्षणभर न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा; लवकर कळलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. त्या दोघींचे फोन ताई रविवारी घेऊन येणार आहे.