‘पाळी लवकर गेली, आता कंपवात येणार’: त्या फॉरवर्डला उत्तर

अमळनेरात माझं मेडिकल आहे. आखाजीपासून एक मेसेज गावभर फिरतोय. माझ्याकडे तो पाच ग्रुपांतून आला, त्यातला एक भिशीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘बायकांनो सावधान! ज्यांची पाळी ४५च्या आत जाते त्यांना म्हातारपणी कंपवात होतोच. पिशवी काढलेल्यांना तर हमखास. हात थरथरला की समजा सुरुवात झाली. आजच हार्मोनच्या गोळ्या सुरू करा, नाहीतर रोज चमचाभर कुहिलीच्या बियांचं चूर्ण घ्या.’ शेवटी हात जोडलेले आणि ‘दहा बहिणींना पाठवा’.

परवा भरदुपारी एक मावशी काउंटरला टेकून म्हणाल्या, ‘मनी पाळी त लवकर गयी. आते मना हात बी थरथरस. काय व्हई वं माय?’ त्यांना तिथल्या तिथे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितेय.

‘४५च्या आत पाळी गेली की कंपवात होतोच.’ या ‘होतोच’मधला ‘च’ खोटा आहे. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वयच ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेत ५१च्या आसपास. म्हणजे ४४-४५ला पाळी गेलेली बाई आपल्या गल्लीत काही वेगळी नव्हे. मेसेज खरा असता तर खापरावर मांडे टाकणाऱ्या कित्येक आज्यांचे हात कापत असते. पाश्चात्य देशांतल्या अभ्यासांत पार्किन्सन म्हणजे कंपवात होण्याचा आयुष्यभराचा धोका पुरुषांत सुमारे २ टक्के आणि बायकांत १.३ टक्के निघतो. तो दुप्पट झाला असं घटकाभर धरलं, तरी शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना हा आजार होत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने हे हवेतून मात्र काढलेलं नाही. मेंदूच्या खोल भागात डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मरत गेल्या की हा आजार होतो, आणि तो पुरुषांत बायकांच्या साधारण दीडपट आढळतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (२००७) बायकांमध्ये लक्षणं सरासरी दोन वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली. बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन मेंदूतल्या या पेशींना काही काळ सांभाळत असेल, हा संशय त्यातूनच बळावला. पण नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याचं वय आणि कंपवात यांची सांगड घालायला गेलं की अभ्यासांचं एकमत होत नाही. काहींत संबंध दिसतो, आणि अमेरिकेतल्या हजारो नर्सेसवर वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीत तो ठळकपणे सापडला नाही.

आता पिशवी. इथे मला जरा थांबायचंय, कारण या मेसेजमधला खरा कण इथेच आहे आणि तोच नेमका चुकीचा सांगितलाय.

आपल्याकडे ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत सगळं उरकतं. पण पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि इस्ट्रोजेन तिथे तयार होत नाही. ते तयार होतं तिच्या दोन बाजूंच्या बीजकोशांत, ज्यांना डॉक्टर अंडाशय म्हणतात. नुसती पिशवी काढली तर पाळी त्याच दिवशी बंद होते, पण बीजकोश पुढे काम करत राहतात. कधी ते थोडे लवकर थकतात एवढंच. दोन्ही बीजकोश काढले तर मात्र इस्ट्रोजेन एका रात्रीत कोसळतं. नैसर्गिक पाळी जाताना जी उतरण काही वर्षांत होते, ती इथे कड्यावरून उडी मारल्यासारखी होते.

अमेरिकेतल्या मायो क्लिनिकच्या संशोधकांनी २०२२ साली जे मांडलं ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. मिनेसोटा राज्यातल्या, पाळी चालू असतानाच दोन्ही बीजकोश काढलेल्या सुमारे २,७५० बायका आणि तेवढ्याच न काढलेल्या बायका, अशी त्यांनी तुलना केली. साधारण ४३ वर्षांच्या आत बीजकोश काढलेल्यांत कंपवाताचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला. किती पट, हा आकडा मी मुद्दाम देत नाही. तरुण वयात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी मोजक्याच जणींना आजार झाला, त्यामुळे त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना अंदाजाचा पसारा फार मोठा आहे. मेसेजवाल्यांच्या हाती तो सुटा लागला तर उद्या नवा फॉरवर्ड येईल.

म्हणून ‘पिशवी काढलेल्यांना हमखास’ हे वाक्य दोनदा चुकतं. पिशवी आणि बीजकोश यांची गल्लत करतं, आणि वाढलेल्या धोक्याला हमखास म्हणतं. खरा प्रश्न आहे तो आपल्याकडच्या ऑपरेशनांचा. पांढरं जातं, अंगावरून जास्त जातं, कंबर दुखते, आणि पस्तिशीत कोणीतरी म्हणतं, ‘लेकरं झाली ना, मग काढून टाका कटकट.’ बीजकोश काढले की ठेवले, हे बाईला कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही. कॅन्सर असेल किंवा घराण्यातून त्याचा मोठा धोका आलेला असेल, तर बीजकोश काढणं जीव वाचवणारं ठरतं. त्या ऑपरेशनबद्दल मी बोलत नाहीये.

‘हात थरथरला की सुरुवात झाली.’ माझ्या आत्याचा हात थरथरतो. ६१ वर्षांची आहे. बशीत चहा ओतताना बशी कपाला वाजते. मांडा दोन्ही हातांवर झेलून वाढवताना मात्र तिचे हात अजून सरसर फिरतात, आणि मांडीवर ठेवले की शांत पडतात. जळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली, कागदावर गोल गोल चकली काढायला लावली, आणि दारापर्यंत चालवून हात किती हलतात ते पाहिलं. हा कंपवात नव्हे म्हणाले. काम करताना येणारी थरथर वेगळी, तिला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. थायरॉइड वाढलं तरी हात कापतात. कंपवाताची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते, सुरुवातीला एकाच बाजूला, आणि तिच्या जोडीला हालचाल मंदावते, अंग ताठरतं. काहींना थरथर नसतेच.

आमच्या आबांचंच बघा. कापसाच्या हिशेबाच्या वहीत त्यांचं अक्षर बारीक बारीक होत गेलं. भरिताची वांगी भाजताना घरभर पसरलेल्या धुराचा वास त्यांना येईनासा झाला. चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहायचा. आम्हाला वाटलं, वय झालं. तो कंपवात होता. आबांची पाळी कधी गेली ते मेसेजवाल्यांनीच सांगावं. जन्मभर कापसावर पाठीवरच्या पंपाने फवारणी केली, तोंडाला फार तर उपरणं. त्यानेच झालं असं एका माणसाबद्दल म्हणता येत नाही. पण पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांसारख्या विषांचा या आजाराशी संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, आणि युरोपीय संघात २००७पासून पॅराक्वाट बंद आहे. याबद्दलचा फॉरवर्ड मला एकदाही आला नाही.

हार्मोनच्या गोळ्यांचं दोन ओळीत. कंपवात टाळायला म्हणून त्या कोणी देत नाही, तसा पुरावाच नाही. तरुणपणी दोन्ही बीजकोश गेले असतील तर हाडं आणि हृदय जपण्यासाठी नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यायचं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा रक्ताच्या गाठी झाल्या असतील, तर उत्तर वेगळं येतं. माझ्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाही.

कुहिलीच्या बियांत लेवोडोपा असतं हे खरं आहे. कंपवातावर देतात ती गोळी तीच. म्हणून तर चमचाभर रोज हे अंगावर येऊ शकतं. कोणत्या पुडीत किती औषध उतरलंय याचा भरवसा नाही, मळमळ होते, रक्तदाब पडतो, आणि आधीच गोळी चालू असलेल्याचा डोस बिघडतो. शिवाय लेवोडोपा लक्षणं कमी करतं, आजार रोखत नाही. नसलेल्या आजारावर घेऊन काय रोखणार?

त्या मावशींना मी थायरॉइड तपासायला सांगितलं आणि घरी जाऊन ऑपरेशनचा कागद शोधायला लावला. पिशवी अडतिसाव्या वर्षी काढलेली, तेव्हापासून पाळी बंद; त्यालाच त्या ‘लवकर गयी’ म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या. रेशनकार्डाच्या पिशवीत, घडीवर फाटलेला, तेलाचा डाग पडलेला डिस्चार्ज कार्डाचा कागद. इंग्रजीत लिहिलेलं. मी वाचून दाखवलं: गर्भाशय काढलं, दोन्ही अंडाशयं ठेवली.

‘म्हणजे शेतस ना मना?’ त्यांनी विचारलं.

हो मावशी, आहेत तुमचे.